होकिटिकातला तासभर

न्यूझीलंडच्या वेस्ट कोस्टला जाऊन आलो म्हटलं की हॅमिल्टनमधली आपली मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "मग, ग्लेशियर केलं की नाही?" नाही केलं. ग्लेशियर तिथून अजून दोन तास पुढे होतं आणि आम्ही होकिटिकाहूनच मागे फिरलो. आम्ही गेलो होतो एका नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून आणायला. तेवढंही जमलं नाही. आता सगळं सांगतेच एकदा, कारण महाराष्ट्र मंडळात अर्धवट ऐकून ज्याने त्याने आपापलं तिखटमीठ लावून झालंय.

पिलार आमची भाडेकरू. घराच्या खालच्या मजल्यावर राहायची. विद्यापीठात मातीवर संशोधन करायला आलेली, मूळची उत्तर स्पेनची. रात्री दहाला आमची निजानीज व्हायची आणि खालून लसूण तळल्याचा वास यायचा. फोनवर आईशी बोलायची ते चार घरं पलीकडे ऐकू जायचं. मला तर पहिल्या आठवड्यातच ती आपल्यातली वाटली. न्यूझीलंड म्हणजे स्पेनच्या बरोबर पायाखाली, असं तिनेच मला पृथ्वीगोलावर दाखवलं. "तुमच्या बागेत सरळ खाली खणत गेलं की आमच्याकडे निघाल," म्हणायची.

एका संध्याकाळी ती वर चहाला आली आणि म्हणाली, "मेधा, मला एका ठिकाणी घेऊन जाल? मला डावीकडून गाडी चालवायची भीती वाटते." आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून विनयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, टीव्ही बंद केला. क्रिकेट चालू असताना.

तिचे पणजोबा गावात न्हावी होते. गव्हाचं गाव, बहुतेक लोक दुसऱ्याच्या शेतात राबणारे, अक्षरओळख नसलेले. पणजोबांना वाचता यायचं. त्यामुळे दाढी-कटिंगला बसलेल्यांना ते रोजचा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. मजुरांची संघटना काय म्हणते, सरकार काय म्हणतं, जमिनीचं काय होणार. एवढंच. छत्तीस साली सैन्याने सरकारविरुद्ध बंड केलं, गावागावात याद्या झाल्या, आणि पेपर वाचणारा न्हावी हा त्यांच्या लेखी धोकादायक माणूस ठरला. एके दिवशी त्यांना ट्रकमध्ये घालून नेलं. परत आले नाहीत. गावाबाहेरच्या रस्त्याकडेला खड्ड्यात असतील हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांना नेणारे परके नव्हते, त्यांच्याच खुर्चीत बसून दाढी करून घेणारे होते.

"मग नंतर कुणी शोधलं नाही?" मी विचारलं.

"नंतर म्हणजे कधी?" पिलार म्हणाली. "चाळीस वर्षं तोच हुकूमशहा होता. तो गेला तेव्हा सगळ्या पक्षांनी ठरवलं, आता मागचं उकरायचं नाही. लोकशाही हवी ना, मग गप्प बसा. बसले सगळे."

आता कुठे ते खड्डे उघडताहेत. त्यांच्या गावचाही उघडला. हाडं निघाली, पण कोण कुणाचं हे सांगणार कोण? पिलारची आजी, म्हणजे न्हाव्याची मुलगी, परवानगी यायच्या आधीच गेली. पिलारची स्वतःची तपासणी केली, पण ती तीन पिढ्या लांब, प्रयोगशाळेला खात्री देता येईना. सख्खं मूल हवं. आणि सख्खं मूल एकच उरलेलं होतं. आजीचा धाकटा भाऊ तोमास, तरुणपणी बोटीवर गेलेला, कधीकाळी न्यूझीलंडला उतरलेला, आजीशी पन्नास वर्षं न बोललेला. पिलारने त्याला शोधून काढलं होतं. होकिटिकात होता. फोनवर म्हणाला होता, "ये की. थुंकीच हवी ना, घेऊन जा."

घाई एवढ्यासाठी की गावची समिती काम आटोपत आणत होती. हिवाळ्याआधी ज्यांची ओळख पटेल ते आपापल्या घरच्यांजवळ जाणार, बाकीचे सगळे एका थडग्यात. पिलारच्या पणजीच्या शेजारची जागा गावाने रिकामी ठेवली होती.

मी म्हटलं, "चल, जाऊ." विनय म्हणाला, "मग बेसनाचे लाडू कर." प्रवास म्हटला की याला आधी खाणं सुचतं.

आर्थर्स पासवरून

मुलीला तिच्या मैत्रिणीकडे ठेवून आम्ही विमानाने ख्राइस्टचर्च गाठलं आणि तिथून भाड्याच्या गाडीने निघालो. सपाट कॅन्टरबरी संपलं आणि डोंगर सुरू झाले. एका घाटमाथ्यावर फोटो काढायला थांबलो तर हिरवे कीआ पोपट आले. पोपट म्हणजे आपला मिठू मिठू करणारा नव्हे हं, चांगला कोंबडीएवढा. विनय त्यांना "ये ये" करतोय तोवर एकाने आमच्या वायपरचं रबर उपटून दरीकडे धूम ठोकली. पुढचा सगळा रस्ता वेस्ट कोस्टचा पाऊस आणि एक वायपर किर्रर्र करत काचेवर धातू घासतोय. भाड्याच्या गाडीवाल्याला काय तोंड दाखवायचं या चिंतेत विनय, आणि मी त्याला "घे, अजून ये ये कर" म्हणतेय.

घाट उतरला की देशच बदलतो. गर्द रान, नेच्यांची झाडं, एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल. आधी कुणी जायचं याची पाटी असते आणि ती लोक खरोखर पाळतात, पलीकडचा थांबून हात करतो. पिलार म्हणाली, "आमच्याकडे दोघंही आधी जातील." मी म्हटलं, "आमच्याकडे तिघं."

होकिटिकात पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. किनाऱ्यावर वाळूपेक्षा लाकडंच जास्त, नदीने वाहून आणलेली पांढरी पडलेली खोडं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे आपल्या वाण्याच्या दुकानात, दूध घ्यायला गेलो तर दुकानदारीण म्हणाली, "कोणाकडे आलात? टॉमकडे? कीया ओरा सांगा. आणि टॉमला सांगा, त्याची लॉटरी लागली नाही." कीया ओरा म्हणजे इथला माओरी नमस्कार. आणि तोमासचा तिथे टॉम झाला होता.

मोटेलच्या बाईने व्हाइटबेटचे फ्रिटर खाऊ घातले. काडीएवढे पारदर्शक मासे अंड्यात घालून तळलेले, डोळ्यांसकट. पिलार आवडीने खात होती, मी डोळे मिटून खाल्ले. चवीला बरे होते, पण त्या माशांनी माझ्याकडे बघायला नको होतं.

तोमास आजोबा

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पत्र्याचं छप्पर, पुढे बटाट्यांचे वाफे, दारात गमबुटांच्या ओळीत जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, एकच जोड. आजोबा उंच, वाकलेले, दाढी इतकी गुळगुळीत की मी बघतच राहिले. सिगारेट नाही, दारू नाही, पण रोज सकाळी दोनदा दाढी, हे नंतर कळलं. धरणाच्या बोगद्यांवर आयुष्य काढलेला माणूस. बायको इथली होती, ती वारलेली, मूलबाळ नाही.

पिलारला बघून ते दारातच उभे राहिले. मग स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाले आणि तिच्या हनुवटीला बोट लावलं. पिलारने आम्हाला सांगितलं, "म्हणतात, ही हनुवटी माझ्या बहिणीची."

आमच्याशी मात्र इंग्रजीत. तेही अस्सल कोस्टवालं, "हीप्स" आणि "स्वीट ॲज"ने भरलेलं. विनयने वाकून नमस्कार केला तर हसले. "हे काय?" म्हणाले. विनय म्हणाला, "आमच्यात मोठ्यांना करतात, आजोबा." तो शब्द त्यांना आवडला. आजोबा म्हणजे काय, हे दोनदा विचारलं आणि कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं. स्पॅनिशमध्ये 'j' वाचतात आपल्या 'ख'सारखा, त्यामुळे ते "आखोबा" म्हणत राहिले आणि विनय प्रत्येक वेळी "हो" म्हणत राहिला.

पिलारने पिशवीतून पाकीट काढलं. हातमोजे घातले. आजोबा खुर्चीत बसले, डोकं मागे टेकवलं, आणि म्हणाले, "घे बाई. पटकन घे आणि मग जेवायला थांबा. टॉर्टिया करतो." ती काडी सीलबंद पाकिटातून निघत होती. मला अगदी भरून आलं होतं. बापाला ट्रकमधून नेलं तेव्हा रांगणारं पोर, आणि आज इतक्या वर्षांनी तेच पोर त्याला खड्ड्यातून बाहेर काढतंय.

आणि आमच्या विनयलाही भरून आलं. तो म्हणाला, "थांबा, थांबा. इतकं चांगलं काम, आधी तोंड गोड करा!" आणि डबा उघडून त्याने आख्खा बेसनाचा लाडू आजोबांच्या उघड्या तोंडात घातला.

मी ओरडले, "अरे!" पिलारचा हात हवेतच राहिला. आजोबा बिचारे लाडू चघळताहेत, तो टाळूला चिकटलाय, कवळीत गेलाय, आणि वर म्हणताहेत, "गुड. व्हेरी गुड."

पाकिटावर लिहिलेलं होतं, आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. पिलारने ते वाचून दाखवलं. तिचा आवाज शांत होता. "हरकत नाही," म्हणाली. "तासभर थांबू."

तासभर. तिथे पाणीसुद्धा प्यायला नको म्हणून आजोबा तसेच बसले, जिभेने दात कोरत. विनयला इतकी शरम वाटत होती की ती झाकायला तो बोलत सुटला. आणि आपल्या माणसाला अनोळखी म्हाताऱ्याशी बोलायला विषय एकच. घरी कोण कोण होतं?

"आजोबा, वडील आठवतात का तुम्हाला?"

पिलारने मान वर केली. मी विनयच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"नाही," आजोबा म्हणाले. "आईने सांगितलं होतं, तो अर्जेंटिनाला गेला."

त्यांच्या आईने ते का सांगितलं हे मला आता समजतं. लहान पोर, शाळेत बोलून बसलं की बाबांना मारलं, तर घरावर अजून काय आलं असतं! मोठ्या मुलीला खरं ठाऊक होतं, ती तोंड मिटून राहिली. धाकट्याला अर्जेंटिना. पत्र का येत नाही? पैसे का पाठवत नाही? आई म्हणायची, येतील. पोराने वाट बघितली. मग वाट बघणं सोडून त्याने बापाचा राग धरला. आई लोकांची धुणी धुते, हात फुटलेत, आणि तो तिकडे मजा करतोय.

"बोटीवर लागलो तो त्याच्यासाठीच," आजोबा म्हणाले. "ब्युनोस आयर्सला उतरलो. न्हावी आहे एवढं माहीत होतं. मग एकेका सलूनमध्ये जाऊन बसायचो. दाढी करून घ्यायचो आणि न्हाव्याचं तोंड बघायचो. म्हातारा असला, स्पॅनिश बोलण्यात आमच्याकडचा हेल असला, की विचारायचो, गाव कुठलं? कधीकधी दिवसात दोन दाढ्या. गाल सोलून निघायचे. ठरवलं होतं, सापडला की आधी एक थोबाडीत द्यायची."

"आणि मग?" विनय. आता त्याला थांबवणं माझ्या हातात नव्हतं, आणि खरं सांगू, मलाही ऐकायचं होतं.

"मग काय. पुढच्या बोटीवर गेलो. आई मेल्यावर बहिणीने कळवलं, तो कधी गेलाच नव्हता, गावाबाहेरच्या रस्त्याला आहे. मी तिला कळवलं, तू खोटारडी आहेस. ती खोटं कशाला बोलेल? पण माझं म्हणणं बघ." ते पुढे झुकले, पिलारकडे बघत नव्हते, विनयकडे बघत होते. "तो अर्जेंटिनाला पळाला असेल, तर मी त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या ते बरोबर. तो घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर मातीत पडलेला असेल, आणि मी जगभर त्याला शिव्या देत फिरलो असेन, तर मी कोण?"

आपल्याकडे ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीसुद्धा सर्वपित्री अमावास्या आहे, पान वाढून ठेवता येतं, काहीतरी करता येतं. हे मला सांगावंसं वाटलं. पण त्यांची अडचण तिथीची नव्हती, आणि मी गप्प बसले ते बरंच केलं.

तास झाला. पिलारने नवं पाकीट काढलं. आजोबांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. नाही.

ती गुडघ्यांवर बसली. स्पॅनिशमध्ये बोलत राहिली, आधी हळू, मग मोठ्याने, मग रडत. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, पण ओठ मिटलेलेच. शेवटी उठले आणि आत जाऊन बटाटे सोलायला लागले. टॉर्टिया केली, आम्हाला वाढली. मी आयुष्यात इतकं चांगलं बटाट्याचं ऑम्लेट खाल्लं नाही आणि एकही घास धड गिळला नाही.

परत

मोटेलवर मी विनयला धू धू धुतलं. "तुला कुणी सांगितलं होतं लाडू कोंबायला? मग वर चौकशा! ती काडी एका मिनिटात फिरली असती!"

"शुभ काम होतं गं," तो एवढंच म्हणत राहिला. त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मलाच पुढे बोलवेना. डबा तर मीच भरून दिला होता. आणि तासभर आम्ही तिथे बसलो होतो त्यात मी कितीदा "मग?" म्हटलं, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पिलारने पुन्हा एकटीने जाऊन विचारलं. पुन्हा नाही. परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसली होती. घाटात मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "निदान तुला त्यांची गोष्ट तरी कळली, पिलार. नाहीतर ती त्यांच्याबरोबरच गेली असती."

"मला गोष्ट नको होती," ती म्हणाली. "गोष्टी आमच्या घरात खूप आहेत. मला हाडं हवी होती."

ख्राइस्टचर्चपर्यंत वायपरच काय तो किरकिरत होता.

दुसऱ्यांदा होकिटिका

पिलारचं काम संपलं, ती स्पेनला परत गेली. जाताना आम्हाला दोघांना मिठी मारली, विनयला जरा जास्तच वेळ. तो मात्र आजोबांना दर रविवारी फोन करू लागला. हवा, रग्बी, बटाटे. त्या विषयाचं दोघंही नाव काढत नसत. मी म्हणायची, "आता काय उपयोग?" तो म्हणायचा, "उपयोगासाठी करत नाही मी."

मग पिलारने व्हिडिओ पाठवला. गावच्या समारंभाचा. आणि खाली एक ओळ, "त्यांना बघायचा असेल तर दाखवा." विनयने रविवारी फोनवर विचारलं. आजोबा म्हणाले, "फोनवर नको पाठवू. तुम्ही या." आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला घाटात थांबलो नाही, आणि मी लाडूही केले नाहीत.

ते आणखी वाकले होते. दाढी मात्र तशीच. टेबलावर विनयचा टॅब चहाच्या किटलीला टेकवून ठेवला. गावचं छोटं स्मशान, भिंतीकडेला माणसं, छत्र्या, एक लांब टेबल आणि त्यावर पांढऱ्या पेट्या ओळीने मांडलेल्या. आपल्याकडे साड्यांच्या असतात तेवढ्याच. एवढ्याशा पेटीत अख्खा माणूस मावतो, हे मला बघवेना.

एक बाई नावं वाचत होती. ज्यांची ओळख पटली त्यांची आधी. त्यांच्या घरची माणसं पुढे येऊन आपली पेटी उचलून छातीशी धरत होती. मग ज्यांची पटली नाही त्यांची. कारण नेलं कुणाकुणाला होतं हे गावाला ठाऊक होतं, फक्त कुठली हाडं कुणाची ते ठाऊक नव्हतं. प्रत्येक नावाला सगळे मिळून एकच शब्द म्हणत होते. आजोबांनी सांगितलं, त्याचा अर्थ 'हजर'.

त्यांच्या वडिलांचं नाव आलं. मला ते ओळखू आलं नाही, पण आजोबांचा हात टेबलावर आपटला म्हणून कळलं. गाव म्हणालं, हजर. पिलारचा आवाज वेगळा ऐकू आला, कॅमेऱ्याच्या जवळून.

"थांबव," आजोबा म्हणाले.

विनयने थांबवलं. कुणी पुढे आलं नव्हतं. टेबलावर उरलेल्या पेट्या तशाच होत्या, एकसारख्या. आजोबांनी चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा घातला, नाक जवळजवळ काचेला लागेल इतके पुढे झाले. पहिल्या पेटीवर बोट ठेवलं. मग दुसरीवर. मग तिसरीवर.

"यातला तो कुठला?" त्यांनी विचारलं.

विनयने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते आता कळायचं नाही, आजोबा."

त्यांनी मान हलवली, कळलं म्हणून. आणि बोट चौथ्या पेटीवर नेलं.